वहीतली सात वाजताची नोंद

कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये काम करते म्हटलं की लोक म्हणतात, "मजा आहे तुझी, दिवसभर कुत्र्यांशी खेळायचं!" खेळणं असतंच, पण बहुतेक वेळ जातो केनेल धुण्यात आणि वही लिहिण्यात. कोणी किती खाल्लं, शी घट्ट की पातळ, कोण कोपरा धरून बसलंय. नवीन कुत्रा पहिल्या दिवशी अन्नाला तोंड लावत नाही, हे नेहमीचंच. घरच्यांचा न धुतलेला टी-शर्ट अंथरुणात ठेवला की तो जरा निवांत होतो.

ब्रूनो मात्र जुना. आठ वर्षांचा जर्मन शेफर्ड, तिसऱ्यांदा राहायला आलेला. जेवला की दोन गिरक्या घेऊन धपकन आडवा होणारा. त्या रात्री नऊच्या फेरीला बघते तर उभाच. बसायचा, लगेच उठायचा, मान वळवून पोटाकडे बघायचा. उलटीची उबळ यायची, पण पडायची नुसती फेसाळ लाळ. बरगड्यांच्या मागे हात ठेवला, तर पोट टम्म. टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला. ओठ वर करून हिरडी दाबली. बोट काढल्यावर दोन सेकंदांत तिचा गुलाबी रंग परतायला हवा. मी चारपर्यंत मोजलं.

"अपचन असेल, जरा फिरवून आणू का?" रात्रपाळीच्या दादाने विचारलं.

"नाही दादा, गाडी काढ."

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये कधी कधी जठर हवेने फुगतं आणि त्याला पीळ बसतो. मग हवा वरही येत नाही, खालीही जात नाही. शिरा दाबल्या जाऊन हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि काही तासांत खेळ संपतो. सकाळी बघू, असं म्हणायची सोयच नसते. गाडीतूनच डॉक्टरांना फोन केला, म्हणजे पोचेपर्यंत त्यांची तयारी होईल. ब्रूनोचं डोकं माझ्या मांडीवर होतं, सलवार लाळेने भिजली होती.

ब्रूनोचे मालक, म्हणजे काका, विमानात, फोन बंद. पण तातडीच्या उपचारांच्या संमतीवर त्यांची सही होती. दोन दिवसांसाठी कशाला एवढे कागद, म्हणून कितीतरी जण चिडतात. चिडू देत, सहीशिवाय मी कुत्रा ठेवून घेत नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे बघून आधी सुईने पोटातली हवा काढली, सलाइन लावलं आणि ऑपरेशनला घेतला. पीळ सोडवून जठर पोटाच्या भिंतीला आतून शिवून टाकलं, म्हणजे पुन्हा फिरायला नको.

दोन वाजता काकांचा फोन लागला. मी सगळं सांगितलं. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आत्ता त्याच्याजवळ कोण आहे?"

"मी आहे, काका."

ब्रूनो वाचला. पण पहाटे परत येऊन वही उघडली, तर संध्याकाळी सातची माझीच नोंद होती: 'ब्रूनो, अर्धं ठेवलं.' ताट चाटूनपुसून साफ करणाऱ्या कुत्र्याने अन्न टाकलं, आणि मी ते लिहून पुढच्या केनेलकडे गेले होते. डॉक्टर म्हणाले, त्या वेळी कदाचित काहीच दिसलं नसतं. असेलही. पण आता जुन्या कुत्र्याने अन्न टाकलं की नऊची वाट बघत नाही. अर्ध्या तासाने परत जाते, पोटावर हात ठेवते.