स्पीकरची जोडी एक, अ‍ॅम्प दोन

गाण्यांसाठी स्टीरिओ अ‍ॅम्प, सिनेमासाठी एव्ही रिसीव्हर (सिनेमाचे अनेक स्पीकर चालवणारं यंत्र) आणि दोघांनाही समोरचे तेच दोन स्पीकर हवेत. अशा वेळी चटकन सुचणारा उपाय म्हणजे दोन्हींच्या वायरी एकाच टर्मिनलला लावायच्या आणि हवं तेच यंत्र चालू करायचं. हे अजिबात करू नका. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (बाहेरच्या बाजूचा विद्युत अडथळा) बहुधा ०.१ ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे चुकून दोन्ही चालू राहिले की एकाला दुसरा जवळजवळ शॉर्ट सर्किटसारखाच भासतो. मग आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेच म्हणून समजा.

खरी वाट प्री-आउटची, म्हणजे जिथून स्पीकरसाठी वाढवण्याआधीचा सिग्नल बाहेर काढता येतो त्या जोडणीची. स्पीकर कायम स्टीरिओ अ‍ॅम्पलाच राहू द्या. रिसीव्हरच्या मागे 'फ्रंट एल/आर प्री-आउट' असेल, तर तिथून आरसीए केबल अ‍ॅम्पच्या 'एचटी बायपास' (होम थिएटर बायपास) इनपुटला लावा. सेंटर (मधला) आणि सराउंड (बाजूचे) स्पीकर रिसीव्हरवरच. सिनेमा बघताना दोन्ही यंत्रं चालू, गाणी ऐकताना एकटा अ‍ॅम्प पुरे. या इनपुटवर अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम नॉब कामच करत नाही, आवाज रिसीव्हरवरून कमी-जास्त होतो. म्हणूनच तिथे सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) चुकूनही जोडू नका. सिग्नल पूर्ण ताकदीने स्पीकरवर आदळेल.

बायपास नसेल तर साधं ऑक्स (जादा यंत्रासाठीचं) इनपुटही चालतं. फक्त नॉबची एक जागा ठरवा, समजा घड्याळातल्या ११ वर, आणि तिथे मार्करने ठिपका काढा. त्याच जागी नॉब ठेवून रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन (मायक्रोफोनने प्रत्येक स्पीकरचा आवाज मोजून जुळवणं) चालवा. फ्रंट चॅनेलची लेव्हल −१२ डेसिबलला जाऊन अडकली, तर नॉब जास्त उघडलाय. थोडा मागे घेऊन पुन्हा मोजा. पुढे सिनेमाच्या वेळी नॉब ठिपक्यावर नसला की सेंटर आणि फ्रंटचा तोल बिघडतो, आणि लोक उगाच संवाद ऐकू येत नाहीत म्हणून सेंटर स्पीकरला दोष देतात.

केबल जोडताच घूं असा हम आला तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. हम थांबला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे यंत्रं दोन वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याने येणारा आवाज. केबल टीव्हीच्या लाइनवर आयसोलेटर (ही जोडणी तोडून फक्त सिग्नल जाऊ देणारा छोटा डबा) बसवता येतो. डिशच्या लाइनवर साधा आयसोलेटर नको, कारण त्याच वायरीतून एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या यंत्राला) वीज जाते. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्यानेही बराच फरक पडतो. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीच काढू नका.

स्वस्त रिसीव्हरला प्री-आउट नसतात. मग स्पीकर स्विच बॉक्स, म्हणजे एका वेळी एकाच यंत्राला स्पीकर जोडणारा डबा. घेताना आधी हे बघा: प्लस आणि मायनस दोन्ही वायरी तो तोडतो का? अनेक बॉक्समध्ये मायनस सामाईक असते, आणि ब्रिज्ड (दोन चॅनेल मिळून एक केलेल्या) किंवा बऱ्याच क्लास-डी (स्विचिंग पद्धतीच्या) अ‍ॅम्पमध्ये मायनस म्हणजे ग्राउंड नव्हे. तिथे असा बॉक्स घातकच. स्विचही असा हवा, की पहिला संपर्क सुटल्यावरच दुसरा जुळेल. फिरवताना आवाज बंद ठेवा.

व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूबचा) अ‍ॅम्प असेल तर आणखी एक काळजी. स्पीकर सुटल्यावर तो चालूच राहिला आणि सिग्नल गेला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्विच फिरवायच्या आधी तो बंद करा, किंवा स्विचच्या मोकळ्या बाजूला प्रत्येक चॅनेलसाठी ८ ओहम, ५० वॅटचा एकेक रेझिस्टर लावून ठेवा.