तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रम कुणाकडे शिकलो

आठवड्यातनं एकदा तरी कुणीतरी विचारतंच. लग्नात, बारशाला, दुकानात सुताचं बिल करत असताना समोर उभं असलेलं गिऱ्हाईकसुद्धा. "ड्रम कुणाकडे शिकलास?" कुणाकडेच नाही म्हटलं की डोळे मोठे होतात आणि मग तो शब्द येतो, गॉडगिफ्ट. माझं डोकं तिथंच सटकतं. सात वर्षं पत्र्याच्या खोलीत घाम गाळला तो काय सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत रिंग टाकून जिंकला का?

पण परवा आसरा चौकात चहा पिताना तुम्ही जे म्हणालात ते वेगळं होतं. "आमच्या पोराला पण क्लासबिस नको, मोबाईलवरच शिकू दे, तुमच्यासारखं. जमेल ना?" मी म्हटलं, जमेल की. म्हणून मोकळा झालो. रात्री झोप लागेना. आपण खोटं बोललो का खरं, हेच कळेना. म्हणून हे.

सेट कुठनं घेतला, आईनं किती दिवस अबोला धरला, हे तुम्हाला पाठ आहे, परत सांगत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ फुकट झालं आणि माझा क्लास सुरू झाला एवढंच धरा. त्याआधी एक व्हिडिओ बघायला नेटपॅक मारावा लागायचा, आता रात्रभर बघायला लागलो. घरात चादरी-टॉवेलला तोटा नाही, त्यामुळं किकच्या, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ढोलाच्या पोटात एक सोलापुरी चादर घडी करून कोंबली, स्नेअरवर, म्हणजे समोरच्या छोट्या ढोलावर टॉवेल. पुढं कुठंतरी कळलं की बीटल्सचा रिंगो स्टारपण रेकॉर्डिंगला ड्रमवर टॉवेल टाकायचा, तर मला काय आनंद झाला, म्हटलं बघा, न सांगता आपलं बरोबरच चाललंय. त्याचा तर भांडी पुसायचा पातळ टॉवेल, आपला त्याच्या दुप्पट जाड.

तरी आवाज जायचाच. मग मी पाण्याचा दिवस धरायचो. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला, आणि आलं की सगळी गल्ली जागी, मोटारी चालू, पिंप भरायची घाई, बायकांची भांडणं, त्या कालव्यात मी दीड तास बडवून घ्यायचो. कुणाचं लक्ष नाही. आई खालनं ओरडायची, "ते राहू दे, आधी मोटार बंद कर!"

आता लोकांना एक गोष्ट लय आवडते सांगायला. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलास, ताल तुझ्या रक्तातच. नाही हो. कारखान्यात एकदा जाऊन उभं राहा. सोळा माग असतील तर सोळा जण आपापल्या लयीत ठोकतात, कुणी कुणाचं ऐकत नाही. त्यातनं ताल नाही शिकत माणूस, त्यातनं बहिरा होतो. आमचे वडील, आप्पा, झाले. तीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढली, आता त्यांना माझी किक ऐकू येते, हायहॅटच्या झांजा येत नाहीत. असल्या आवाजानं कानातले बारीक सूर आधी जातात. क्रॅशवर, म्हणजे मोठ्या झांजेवर काठी मारली की म्हणतात, ते पितळी ताट नुसतं हलतंय.

असो. मुद्दा अंगठ्याचा आहे.

काठी कशी धरायची हे मी किमान चाळीस व्हिडिओत बघितलं. अंगठा आणि तर्जनीच्या मधी काठीचा टेकू, बाकीची बोटं सैल, काठीनं स्वतः उसळायचं, आपण फक्त तिला जाऊ द्यायचं. बघितलं, कळलं, आणि मी तसंच धरतोय असं मला सात वर्षं वाटत होतं. प्रत्यक्षात माझा अंगठा काठीच्या बाजूला नव्हताच, वर चढलेला होता, आणि जोर लावला की मुठीत काठी आवळली जायची, कोयता धरल्यासारखी. पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, हे मी तासनतास केलं आणि दर वेळी जोडीतला दुसरा "उजवा" उसळीतनं न येता दांडगाईनं यायचा. ऐकायला आलं तर आलं, नाहीतर गेलं. मला कुठं कळतंय? मोबाईल दाखवतो, पण बघत नाही ना. समोरचा अमेरिकेतला पोरगा हसत हसत "व्हेरी गुड" म्हणायचा, मी कसंही वाजवलं तरी.

आणि मेट्रोनोम, टकटक करून लय दाखवणारं ॲप. मिनिटाला साठ ठोक्यांवर लावायचो, दहा मिनिटांत बंद करायचो, कारण मला वाटायचं ते ॲपच मागं पडतंय. हसू नका. खरंच वाटायचं. मी बरोबर आणि घड्याळ चुकीचं, ह्या मस्तीत मी दोन-तीन वर्षं काढली.

तेव्हा कुणी क्लासचं काढलं की माझ्याकडं एक ठरलेलं उत्तर होतं. "गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजापुढं हलगी वाजवणारे कुठल्या क्लासला गेले होते?" समोरचा गप्प. मीपण खूश. ते उत्तर किती भंपक होतं हे आता कळतं. हलगीवाल्याचं पोरगं चुलत्याच्या मांडीला मांडी लावून बसतं, चुकलं की हातावर टिपरी बसते, संध्याकाळी घरी परत तेच. त्याला क्लास नसतो कारण त्याला सुट्टीच नसते. मी त्याच्यासारखा नव्हतो. मी खोलीत एकटा होतो.

आता ते सांगतो जे चहावर सांगता आलं नसतं.

गणपतीत पूर्व भागातल्या एका मंडळाचा ऑर्केस्ट्रा होता. त्यांचा नेहमीचा ड्रमर गावाला गेलेला, कीबोर्डवाले अण्णा मला ओळखायचे, म्हणाले ये. दीड हजार रुपये. माझी पहिली मोठी सुपारी. स्टेजवर सेट लावला, किकला माईक, स्नेअरला माईक, वर दोन माईक, माझं मला ऐकायला पायाशी मॉनिटर स्पीकर. एवढे माईक आयुष्यात पहिल्यांदा बघितले. अण्णांकडं कीबोर्डवर लूप होता, म्हणजे ढोलकी-तबल्याचा तयार ठेका, तो चालू असताना मी वरनं ड्रम वाजवायचा. साधं काम. लूप काही हलत नाही, त्याच्यावर बसायचं.

पहिलं गाणं ठीक गेलं. दुसऱ्यात मी जरा खुललो. तिसऱ्यात अंतऱ्यातनं मुखड्यावर येताना मोठा फिल घेतला, म्हणजे ठेका सोडून सगळ्या ढोलांवरनं हात फिरवला, स्नेअरपासनं खालच्या फ्लोअर टॉमपर्यंत, आणि क्रॅश मारला. मला वाटलं काय बसला! गायिकेनं मागं वळून बघितलं. मी हसलो. तिनं नाही. मला वाटलं कौतुकानं बघितलं असेल, म्हणून पुढच्या गाण्यात आणखी मोठा घेतला.

दोन तास वाजवलं. शर्ट पिळून काढावा असा घाम. खाली उतरलो तर मंडळाच्या एका काकांनी पाठीवर थाप मारली, "काय वाजवलंस राव, स्टेज हलवलंस!" अण्णांनी पूर्ण पैसे दिले, एक रुपया कमी नाही. घरी येऊन आईच्या हातात दीड हजार ठेवले. त्या रात्री मी स्वतःला ड्रमर म्हणून मोजलं.

तिसऱ्या दिवशी एका मित्रानं सगळा कार्यक्रम मोबाईलवर काढलेला, तो पाठवला. दोन तास दहा मिनिटं. मी दुकानात दुपारी, गिऱ्हाईक नसताना, हेडफोन लावून बसलो. पहिली दोन गाणी, छान, माझी किक धडधडतेय. तिसऱ्या गाण्यात तो फिल आला आणि माझा क्रॅश समेच्या आधीच पडला. लूप आपला शांतपणे मागनं आला. मग चार ओळी आम्ही दोघं एकमेकांच्या मागं पळतोय, वाटेत दोन टांगे एकमेकांना घासत जावेत तसं. आणि मग एकदम सगळं नीट झालं. मला वाटलं, सावरलं मी. पुढं ऐकलं. चौथं गाणं. पाचवं. माझे हात दिसतायत, वरखाली होतायत, डोकं हलतंय, केस उडतायत. ड्रम नाहीत. ठेका अण्णांच्या लूपचा. मी हेडफोन काढला, पुसला, परत घातला. मोबाईल बंद करून चालू केला. सहावं गाणं. ड्रम नाहीत.

साउंडवाल्यानं माझे सगळे फेडर, म्हणजे माझ्या माईकांचा आवाज कमी-जास्त करायच्या खुंट्या, खाली घेतले होते. मॉनिटर तेवढा चालू ठेवला होता, म्हणून मला मी ऐकू येत होतो. दोन तासांतले शेवटचे पावणेदोन तास मी एकटा माझ्यासाठी वाजवत होतो. समोर हजारभर माणसं होती.

संध्याकाळी अण्णांकडं गेलो. भांडायलाच गेलो होतो. ते पानाच्या टपरीवर उभे. शांतपणे म्हणाले, "लय पुढं पळूलालतास बे. मग काय करणार, साउंडवाल्याला खुणावलं."

"मग थांबवायचं होतं मला, अण्णा. उठवायचं होतं."

"येडा का काय? स्टेजवर ड्रमसेट दिसला की सुपारीचा रेट वाढतो. दिसायला भारी दिसूलालतास की."

ह्याच्यावर काय बोलणार? त्यांचं चुकलं का? मी इतकी वर्षं विचार करतोय, कधी वाटतं हो, शंभर टक्के, एक शब्द कानात सांगायला काय जात होतं. कधी वाटतं त्यांनी गाणी वाचवली, माझे पैसे दिले, माझी लाजपण राखली, आणखी काय करायचं. पण एक आहे. सहा वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं की तू पुढं पळतोस, आणि तेपण पान थुंकता थुंकता, कार्यक्रम संपल्यावर तिसऱ्या दिवशी, मी विचारायला गेलो म्हणून.

त्यानंतर मी काय केलं? शहाणा माणूस मास्तर शोधेल. मी मेट्रोनोम चालू ठेवायला शिकलो, आणि दुप्पट जोरानं बडवायला लागलो. वर्षभरात उजव्या मनगटाला अंगठ्याच्या बाजूनं सूज, चहाचा कप धरवेना. डॉक्टरांनी सहा आठवडे काठीला हात लावू नको सांगितलं. कानातपण शिट्टी वाजायला लागली. तेव्हा कुठं वाचलं की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो, पुढं दर ३ डेसिबलला वेळ अर्धी होत जाते, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रमसेट शंभरी सहज गाठतो. आमच्या घरात एक बहिरा माणूस रोज समोर बसलेला, आणि मला कानात बोळे घालायची अक्कल नेटवर वाचून आली.

त्या सहा आठवड्यांत एक दिवस हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो. एका सरांकडं एक तास. त्यांनी काही वाजवायला लावलं नाही, नुसतं काठी धर म्हणाले, आणि दोन बोटांनी माझा अंगठा अर्धा इंच खाली सरकवला. बस. काठी पॅडवर टाकली तर आपोआप चारदा उसळली. सात वर्षांत एकदाही तशी उसळली नव्हती.

तुम्ही म्हणाल मग परत गेलास का? नाही गेलो. जायला चार तास, यायला चार तास, फी, दुकानाची सुट्टी, ही कारणं मी घरी सांगितली. खरं कारण असं की शेजारच्या खोलीत एक नऊ वर्षांची पोरगी माझ्यापेक्षा चांगले डबल स्ट्रोक वाजवत होती आणि सर मला म्हणाले होते, आपण पहिल्यापासनं सुरू करू. मला पहिल्यापासनं नको होतं.

तुमच्यासारखे लोक निर्वाना बँडच्या ड्रमरचं, डेव्ह ग्रोलचं नाव सांगतात, तो उशांवर बडवून शिकला. बरोबर आहे, शिकला. मी रश बँडच्या नील पर्टचं सांगतो. जगातले ड्रमर ज्याच्या पाया पडायचे तो माणूस चाळिशी ओलांडल्यावर फ्रेडी ग्रुबर नावाच्या मास्तरकडं गेला आणि हात नव्यानं घडवून घेतले. हे मला माहितीय, तोंडपाठ आहे, आणि तरी मी हुतात्माचं तिकीट परत काढलेलं नाही. ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

आप्पांचं एक राहिलं. मी एकदा त्यांना मोठ्यानं ओरडून सांगत होतो की १९०९ मध्ये अमेरिकेत लुडविग म्हणून होते, त्यांनी पायानं मारायचं पेडल काढलं, मग मोठा ढोल, छोटा ढोल, झांजा सगळं एका माणसाच्या बोकांडी बसलं. ते म्हणाले, "म्हंजे एकालाच चार माग." थोडा वेळ माझे हात बघत बसले. मग म्हणाले, "वळायच्या आधी तुझा डावा खांदा वर येतो. तिथंच पळूलालास तू." फिलच्या आधी. आवाज न ऐकता. हे ऐकून आता कुणीतरी म्हणणार, बघ, तुझे वडीलच तुझे गुरू. नका म्हणू. ते त्याच खोलीत इतकी वर्षं बसत होते आणि मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, एवढंच आहे ते.

तर तुमच्या पोराचं. जमेल का? मला जमलं की, दर शनिवारी वाजवतो, फेडर वर असतात आता, मी आधी जाऊन साउंडवाल्याला चहा पाजतो आणि विचारून घेतो. अंगठा अजून कार्यक्रमाच्या भरात वर चढतो. क्लास लावा म्हणून सांगू, तर मला माझी ती खोली, तो पाण्याचा दिवस, रात्री दोनला एकट्यानं सापडलेला पहिला ठेका आठवतो आणि तो कुणी शिकवलेला असता तर मला नको होता असं वाटतं. लावू नका म्हणू, तर तो व्हिडिओ आहेच.

अजून मोबाईलमध्ये ठेवलाय. मधी कधीतरी लावतो. फेडर खाली असतानाही एका जागी, एक तास बेचाळीस मिनिटांवर, गायिका माईक हातात घेऊन मागं सरकत सरकत माझ्याजवळ येते आणि तिच्या माईकमधनं माझा एक क्रॅश ऐकू येतो. एकच. त्या पावणेदोन तासांत तेवढाच.

तोपण अर्धी मात्रा आधी आहे.