कॅनडातलं मीठ, वऱ्हाडातला चिखल आणि जाम झालेला कॅलिपर

बर्फ वितळावा म्हणून इथे कॅनडात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते कॅलिपरच्या (डिस्क ब्रेकचे पॅड चकतीवर दाबणारा भाग) स्लाइड पिना, म्हणजे ज्यांवर तो मागेपुढे सरकतो त्या पिना, गंजवतं. आपल्याकडे तेच काम पांदण रस्त्याचा काळा चिखल करतो. पिनेवरचं रबरी आवरण (बूट) फाटलं की चिखल आत शिरतो आणि वाळून घट्ट बसतो. लक्षणं दोन्हीकडे सारखीच: ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते, एकच चाक तापतं, आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजतं. तेव्हा भाऊ, नवा कॅलिपर आणण्याआधी पिना हाताने सरकवून पाहा. बरेचदा दोष त्यांचाच असतो.

काळ्या जमिनीत जॅक रुततो, खाली जाड फळी घ्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, मग गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून हात घालू नका. कॅलिपरमागचे दोन बोल्ट बहुतेक छोट्या गाड्यांना 12 किंवा 14 च्या पान्याने सुटतात. सुटलेला कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. होज आतून फाटला तर बाहेरून कळत नाही. ब्रेक लागतो, पण सुटत नाही.

पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावा. ट्रॅक्टरच्या साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. एवढंच काम असेल तर होज खोलू नका, म्हणजे ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायचीही कटकट नाही.

कॅलिपरच बदलायचा असेल, तर होजच्या बोल्टचे तांब्याचे दोन्ही वायसर नवे टाका. जुने दबलेले असतात, तिथूनच ऑइल गळतं. (इथे दुकानदार जुन्या कॅलिपरपोटी अनामत घेतो आणि तो परत दिला की पैसे देतो.) निपल (हवा काढायचं तोंड) वरच्या बाजूला आलं पाहिजे. खाली आलं तर डावा-उजवा बदलला समजा, हवा कधीच निघणार नाही. पिनांचे बोल्ट साधारण 25 ते 35 न्यूटन-मीटर, ब्रॅकेटचे (कॅलिपर ज्या चौकटीवर बसतो तिचे) 100 च्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

हवा काढताना पेडल सोडण्याआधी निपल बंद करा, ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता. पिस्टन (कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या) मागे दाबलेला असतो, म्हणून पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं. ते कडक होईस्तोवर दाबत राहा, गाडी नंतर हलवा.