फ्रॅक्चर कळलं आणि ती हसली

एमआरआयचा रिपोर्ट वाचून मी सांगितलं, नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर आहे, म्हणजे सततच्या ताणाने बारीक चीर पडली आहे, निदान सहा ते आठ आठवडे पळणं बंद. वडिलांचा चेहरा उतरला, आईने पदर तोंडाला लावला. मुलगी मात्र हसली. क्षणभरच, पण मला ते स्पष्ट दिसलं.

पंधरा वर्षांची, दुष्काळी पट्ट्यातली, १५०० आणि ३००० मीटर पळणारी मुलगी. (घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) सातारा जिल्ह्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) अंतिम फेरी धावल्या, तेव्हापासून या भागातले बाप मुलींना घेऊन पहाटे मैदानावर येताना दिसतात. पोरीच्या बुटांसाठी स्वतःच्या गरजा मागे ठेवणारी ही माणसं आहेत. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

आई-वडिलांना बाहेर बसायला सांगितलं. सिस्टर आत थांबल्या. मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, "आता पप्पा पण थांबतील ना?"

मग एकेक गोष्ट बाहेर आली. रात्री जेवताना टायमिंगची वही उघडायची. स्पर्धेहून परतताना गाडीत मोबाइलवर तिच्याच शर्यतीचा व्हिडिओ, कुठे मागे पडलीस ते बघ म्हणून. ती हरली की त्या दिवशी घरात कुणीच नीट जेवायचं नाही. मैदानावर कुणीतरी म्हणालं होतं, वजन उतरव, सेकंद आपोआप कमी होतील. तेव्हापासून ती अर्धी भाकरी ठेवून उठायची. आणि पाय दुखायला लागल्यावर ती मुद्दाम जोरात पळायची. काहीतरी मोडलं तरच कुणी थांबवेल, असं तिला वाटत होतं.

जीव द्यावासा वाटतो का, हे मी तिला सरळ विचारलं. हा प्रश्न विचारल्याने मुलांच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, हे पालकांनीही लक्षात ठेवावं. ती म्हणाली, "नाही. फक्त झोपावंसं वाटतं."

पाळी दिवाळीपासून आली नव्हती आणि आता होळी जवळ आली होती. आईला माहीत होतं. ती म्हणाली, "बरंच झालं म्हटलं मॅडम, स्पर्धेत अडचण नको." ही बाई निष्काळजी नव्हती. पाळी म्हणजे अडचण, एवढंच तिला कायम सांगितलं गेलेलं.

सरावाला लागते तेवढी ऊर्जा अन्नातून मिळाली नाही की शरीर काटकसर करतं. मेंदू बीजांडकोशांना जाणारे संदेश कमी करतो, इस्ट्रोजेन घटतं, आणि हाडं भरायच्या वयातच ठिसूळ होतात. झोप आणि मनही बिघडतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' हे नाव दिलं. सराव करणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर 'खेळात असं होतंच' म्हणून सोडून देऊ नका. वेटलिफ्टर मीराबाई चानू पॅरिस ऑलिंपिकमध्ये चौथ्या आल्या, तेव्हा पाळीचा तिसरा दिवस होता असं त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं, हे मी आईला सांगितलं. ती चकित झाली. "टीव्हीवर बोलली ती?"

मुलीची परवानगी घेऊन बाकीचं दोघांसमोर मांडलं. वडील आधी चिडले. "मी नाही मागं लागायचं तर कुणी लागायचं? आमच्याकडं दुसरं आहे काय?" मी त्यांना बोलू दिलं. मग म्हटलं, वेळ मोजायचं काम प्रशिक्षकांकडे सोपवा. गाडीत शर्यतीचा विषय तिने काढला तरच बोला, गप्प बसली तर बसू द्या. जिंको वा हरो, त्या रात्री सगळ्यांनी एकत्र पोटभर जेवायचं. वजनकाटा घरात नको. पाळीच्या तारखा आईने आणि तिने मिळून लिहायच्या. रक्ताच्या तपासण्या, आहारतज्ज्ञ आणि पुण्यातल्या एका क्रीडा मानसतज्ज्ञांशी व्हिडिओवर बोलणं, हेही ठरवलं.

वडिलांनी वही काढून तिच्यापुढे धरली. "काय करू हिचं?"

"सरांकडं द्या."

पावसाळ्यापर्यंत हाड भरलं, पाळी सुरू झाली, चालणं-पळणं आलटून पालटून चालू झालं. जेवताना अजून तिचा हात मध्येच थांबतो, त्यासाठी मानसतज्ज्ञांकडे बोलणं सुरूच आहे. मागच्या तपासणीला वडिलांनी मला विचारलं, यंदा जिल्हा स्पर्धा जमेल का? मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "यंदा नाही पप्पा. पुढच्या वर्षी आठशे पळते." त्यांनी मान हलवली आणि मला विचारलं, मग यंदा तिने सराव किती करायचा.