ऑगस्टस एगने रंगवलेली जॉर्जिना
चित्रकार ऑगस्टस एग याने १८५०च्या सुमारास जॉर्जिना होगार्थचे तैलचित्र काढले. त्यात ती मान खाली घालून शिवणात गढलेली आहे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या घरातील तिच्या स्थानाचा विचार करताना मी वारंवार या चित्राकडे वळते.

जॉर्जिना ही डिकन्सची धाकटी मेहुणी. डिकन्स पतिपत्नी १८४२ मध्ये अमेरिकेहून परतली, तेव्हा पंधरा वर्षांची ही मुलगी बहिणीच्या घरी आली ती कायमचीच. या बहिणीला, म्हणजे डिकन्सची पत्नी कॅथरिन हिला, एकूण दहा मुले झाली. त्यांना वाचायला शिकवता शिकवता घराचा सगळा कारभार जॉर्जिनाकडे गेला. एगने तिला लग्नाची मागणीही घातली होती, पण तिने ती नाकारली. तिच्यावर जीव जडलेल्या माणसालाही ती घरकामात बुडालेलीच दिसली, याचे मला फार वाईट वाटते.

१८५८ मध्ये डिकन्स आणि कॅथरिन विभक्त झाले. कॅथरिनने घर सोडले आणि जॉर्जिना मेहुण्याकडेच राहिली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये पत्नीच्या मृत्यूनंतरही तिच्या बहिणीशी लग्न करण्यास कायद्याने बंदी होती (ती १९०७ मध्ये उठली) आणि असा संबंध अगम्यगमन, म्हणजे निषिद्ध नात्यातील शरीरसंबंध, मानला जाई. त्यामुळे डिकन्सशी तिचे नाव जोडून उठलेल्या अफवा किती भयंकर होत्या, हे ध्यानात घ्यायला हवे. तिने बहिणीची साथ सोडली, हा आक्षेप मला खोडता येत नाही. परंतु एगला नकार देताना तिने स्वतःच्या संसाराची वाट जाणूनबुजून सोडली होती, म्हणून तिला निव्वळ आश्रित समजणेही मला पटत नाही.

८ जून १८७० रोजी गॅड्स हिल या आपल्या घरी जेवणाच्या टेबलाशी डिकन्स कोसळला, तेव्हा समोर तीच होती. मृत्युपत्रात त्याने तिला ८,००० पौंड, बरेचसे दागिने आणि खासगी कागदपत्रे दिली; कॅथरिनला मात्र तेवढ्याच रकमेचे केवळ उत्पन्न, तेही हयातीपुरते. पुढे जॉर्जिनाने भाची मेमीसह त्याची पत्रे संपादित केली. १८८० ते १८८२ या काळात ती प्रसिद्ध झाली. त्यासाठी दोघींनी मूळ पत्रेच कात्रीने कापली, नको तो मजकूर वगळला आणि उरलेले तुकडे जोडून छापायला दिले.