कडक भाकरी सोडली तेव्हाच कळायला पाहिजे होतं

आमच्या दादूला डाऊन सिंड्रोम आहे (जन्मापासूनचं, त्यात बुद्धीची वाढ हळू होते), वय 28, आणि घरात कडक भाकरी सगळ्यात जास्त कोण खातं तर हाच, पापडासारखी कडाकडा मोडून शेंगाचटणीसोबत. तर ह्या जानेवारीत आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत त्यानं पाळण्यात बसायला नाही म्हटलं, चिडचिड सुरू झाली, रात्री उठून स्वतःच्या गालावर चापट्या मारायचा. आम्ही घाबरलो, नेलं डॉक्टरकडे. कोणते ते सोडा. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले अशा मुलांचं असंच असतं, वय वाढलं की चिडचिड वाढते. शांत राहायची गोळी दिली. चापट्या कमी झाल्या, पण गडी दिवसभर झोपूनच, वजन वाढलं ते वेगळंच.

खरी गोष्ट आईच्या लक्षात आली. म्हणाली, "अगं हा भाकरी आमटीत भिजवून खातोय, ते पण एकाच बाजूनं चावतोय." चटणीला तर हात पण लावत नव्हता. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, सात रस्ता चौकातून रिक्षात हा माझ्या खांद्यावर झोपलेला. त्या बाईंनी आधी त्याच्या हातात आरसा दिला, एक ग्लोव्ह फुगवून दिला, मग टॉर्च मारला. खालची दाढ किडलेली, मुळाशी पू. दोन महिने हा ते सहन करत होता आणि आम्ही त्याला ओरडत होतो. दाढ काढली, आठवड्यात चापट्या बंद. गोळी मात्र मनानं बंद केली नाही, दुसऱ्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केली.

ह्या प्रकाराला डॉक्टरी भाषेत डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात हे मला नंतर कळलं. म्हणजे काही झालं की खापर मतिमंदत्वावर फोडायचं. दात, कान, बद्धकोष्ठता, काही पण दुखत असू शकतं आणि बाहेर दिसतो तो फक्त राग. उलटं पण होतं, पोरगं खरंच मनातून खचलेलं असतं, आपण म्हणतो आळशी झालाय. डाऊनमध्ये थायरॉईड बिघडायचं प्रमाण जास्त, त्यात पण माणूस सुस्त पडतो, म्हणून वर्षातनं एकदा टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करायचंच, आम्ही दोन वर्षं केलंच नव्हतं. (मतिमंदत्व असलेल्यांसाठी सरकारचा निरामय आरोग्य विमा आहे, काढला नसेल तर बघा, 1 लाखापर्यंत आहे, ओपीडीचा खर्च पण त्यात बसतो.)

अजून एक, दादूला कुठं दुखतंय विचारलं की तो पोटावरच हात ठेवतो. डोकं दुखू दे नाहीतर गुडघा, हात पोटावर. आम्ही 28 वर्षं पोटाचंच औषध देत आलो की काय कोण जाणे.

काल पण आला, "आक्का, दुखतंय", हात पोटावर. मी आधी तोंड उघडायला लावलं, मग कान बघितले, पोट दाबून बघितलं, काही नाही. शेवटी पाय बघितले. नवीन चप्पल चावली होती.