इनामगावचे पहिले बिऱ्हाडकरू

कुठल्याही गावाचा इतिहास विचारला की गावकरी आधी देऊळ दाखवतात, मग वेस, मग पाटलांचा वाडा. पहिली चूल कुणी मांडली, हे सांगणारं सहसा कुणी भेटत नाही. शिरूर तालुक्यातल्या इनामगावात मात्र ते काम पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीने केलं. घोड नदीच्या काठची तिथली टेकाडं १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञ मंडळींनी खणून थराथराने उकलली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी मोठी माणसं त्या मातीत राबली. शंभरावर घरं निघाली. सगळ्यात खालची इ.स.पू. १६०० च्या सुमाराची.

त्या पहिल्या घरांनी मला चकित केलं ते त्यांच्या ऐसपैसपणाने. बुटकी मातीची भिंत, त्यावर कुड, वर गवताचं छप्पर, कोपरे जरा गोलसर आणि आत एक आडोसा घालून केलेल्या दोन खोल्या. लांबीरुंदी साधारण सात मीटर बाय पाच. मी लगेच हिशेब केला, पावणेचारशे चौरस फूट कार्पेट! वन बीएचके, नदी समोर, मेंटेनन्स शून्य. सारवण तेवढं ज्याचं त्याने करायचं.

पण ही माणसं नुसती डोक्यावर छप्पर हवं म्हणून घर बांधत नव्हती. घरात बघावं तिकडे धान्याची सोय. जमिनीत चुन्याने लिंपलेली पेवं. कणगी ठेवायला मातीचा गोल ओटा. एके ठिकाणी चार चपटे दगड मांडलेले, ते चार पायांच्या रांजणाच्या पायांखाली द्यायचे. पिकवायचे ते मुख्यतः जव. पुढे त्यांनी पाट खणला, बांधही घातला. पेव भरलेलं असलं की माणूस सहजी उठून दुसरीकडे जात नाही. जमीन खचली की वर भर घालायची, चोपायची, पुन्हा सारवायची. घर पडलं तर त्याच जागी दुसरं. टेकाड वाढलं ते असल्या हट्टापायी.

इ.स.पू. १००० नंतर मात्र पाऊस आटत गेला असं अभ्यासक सांगतात, आणि ते घरांवरूनही कळतं. चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, तीन-साडेतीन मीटर व्यासाच्या. म्हणजे शंभर चौरस फूटही जेमतेम. शेती कमी, शेरडंमेंढरं आणि शिकार जास्त. तरी तीन-चार झोपड्या एकमेकींना धरून असायच्या. भाऊबंदकी तेव्हाही असणारच, पण चूल पेटवायला शेजार लागतो.

शेवटी इ.स.पू. ७०० च्या आसपास गाव उठलं. मागे राहिले ते जमिनीखालचे. इथे लोक आपल्या माणसांना घराच्या जमिनीतच पुरत. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यात त्याला निजवायचं. मोठ्या माणसाचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मेलेल्याने उठून कुठे जाऊ नये म्हणून, असा त्याचा अर्थ लावतात. मला त्यात भीतीइतकीच माया दिसते, पण हा माझा अर्थ, उत्खननाचा नव्हे.

याला एक अपवाद सापडला. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचं मातीचं भांडं निघालं आणि त्यात बसवलेला चाळिशीचा पुरुष. त्याचे पाय शाबूत. घर मोठं, शेजारी धान्याचं कोठार, तेव्हा हा गावचा प्रमुख असावा असं मानतात. बाकी गावाला नियम होता, पण पाटलांच्या पायांना हात कोण लावणार?